चिखलाचा राखणदार

माझ्या मामाने आयुष्यात एकही शिंपला उकरलेला नाही. एकही! गुडघाभर चिखलात उभं राहायचं, पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, लागला की वाकून बोटं खुपसायची आणि वर काढायचा, हे आमच्या वुनिडोंगोत बायकांचं काम. पुरुष होडीतून जातात, जाळं टाकतात, आणि परत आले की यंगोनाच्या, म्हणजे मुळी कुटून केलेल्या झिंग आणणाऱ्या पेयाच्या, परातीभोवती मांडी ठोकून बसतात आणि समुद्राबद्दल बोलतात. मामा होडीतूनही जात नाही, त्याला मळमळतं. तो डायरेक्ट बोलण्यापासूनच सुरुवात करतो.

आणि ह्या माणसाला गावाने शिंपल्यांचा राखणदार केलं.

वाइसाके त्याचं नाव. माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. पोट पुढे, छाती त्याच्याही पुढे काढायचा प्रयत्न, आणि चालताना हात पाठीमागे बांधलेले, जणू काही सगळा किनारा ह्यानेच सकाळी उठून अंथरलाय. लग्न केलं नाही. म्हणजे तो सांगतो की त्याने केलं नाही. गावातल्या बायका वेगळं सांगतात.

बंदी कशी आली ते सांगते, कारण तेसुद्धा तो हल्ली स्वतःच्या नावावर खपवतो. आमच्याकडे पक्का रस्ता झाला तेव्हापासून शहरातल्या बाजाराच्या लॉऱ्या थेट गावात यायला लागल्या. शिंपल्यांच्या गोण्याच्या गोण्या जायच्या. शिंपले म्हणजे आमचे कायकोसो, जाड कवचाचे, पन्हळी पन्हळी असलेले, नारळाच्या दुधात शिजवले की माणूस भांडणं विसरतो. सुरुवातीला मुठीएवढे मिळायचे. मग अर्ध्या मुठीएवढे. मी शाळा संपवली तोवर नखाएवढे आले, आणि लॉरीवाला तेही घ्यायचा. बायका आख्खी ओहोटी चिखलात घालवायच्या आणि टोपलीचा तळ झाकला जायचा नाही. माझ्या आईच्या, तारुसिलाच्या, सगळ्यात आधी लक्षात आलं की आपण पिल्लंच खातोय. ती सरदारांच्या बायकोकडे, आदी वानीकडे गेली, दोघींनी बाकीच्या बायकांना गोळा केलं, आणि बायकांनीच सांगितलं की आमच्या हातांना बंदी घाला. तीन वर्षं. कुणीही आत जायचं नाही, आम्हीसुद्धा नाही.

ज्या बायकांचं घर त्या चिखलावर चालतं त्यांनीच हे मागितलं. आई नंतर बस थांब्यावर उकडलेले कसाव्याचे कंद विकायला लागली, चटया विणून विणून तिच्या बोटांची टोकं फुटली, माझं कॉलेज त्यातून चाललं. तिला फक्त एक हवं होतं. तो चिखल पुन्हा भरायला हवा. बाकी कशाबद्दल ती बोलायचीच नाही.

सरदारांनी बंदी जाहीर केली, चिखलात खांब रोवले, खांबांना झावळ्या बांधल्या. मग प्रश्न आला लक्ष कोण ठेवणार. बायकांनी ठेवलं असतं, पण राखणदार पुरुष हवा म्हणे. बाकीचे पुरुष कामाला जातात. गावात रिकामा तेवढा एकच होता.

त्याला तालुक्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे तो जेवला आणि झोपला, हे त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने आम्हाला सांगितलं. परत आला तो हिरवं बिनबाह्यांचं जाकीट आणि गळ्यात शिट्टी घालून. ते जाकीट त्याने चर्चमध्येसुद्धा काढलं नाही! पाद्रीबाबा म्हणाले, "वाइसाके, इथे शिंपले नाहीत रे." सगळं चर्च हसलं. मामाने मान अशी हलवली जणू त्याचं कौतुक झालं.

आणि शिट्टी! शी! सकाळी शिट्टी, दुपारी शिट्टी. पोरं पाण्यात उतरली की शिट्टी. कुत्रं खांबापाशी गेलं की शिट्टी. बदकांना शिट्टी. आमच्या शेजारच्या उनाइसी काकी, विधवा, पाठीत वाकलेल्या, त्यांचं वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने उडून बंदीच्या चिखलात पडलं. त्या बिचाऱ्या आणायला आत गेल्या. मामाने किनाऱ्यावरून शिट्टी फुंकली, हात वर करायला लावले, आणि ते ओलं लुगडं झटकून झटकून बघितलं, आत शिंपले लपवलेत का! आख्ख्या गावासमोर. वर म्हणतो कसा, "काकी, नियम सगळ्यांना सारखा."

"बरं झालं बाबा," उनाइसी काकी म्हणाल्या, "मला वाटलं आता अंगावरचंही झटकून बघतोस."

सगळ्यांना सारखा! सरदारांचा पुतण्या दर शनिवारी बादली घेऊन जायचा, बिअरबरोबर खायला. भरदिवसा. तेव्हा मामा ढग बघायचा. खरंच! हात मागे बांधून, मान वर करून, "पाऊस येतो वाटतं," असं स्वतःशीच म्हणत उभा राहायचा जोवर बादली भरत नाही.

मी एकदा तोंडावर विचारलं, "मामा, तेव्हा शिट्टीत पाणी जातं का तुझ्या?"

"तुला राजकारण कळत नाही," तो म्हणाला. "शहरात शिकतेस म्हणून काय झालं."

आई त्याला काही बोलू शकत नव्हती, कारण आमच्याकडे सख्ख्या बहीण-भावाने मोठं झाल्यावर एकमेकांशी तोंडावर बोलायचं नसतं. मान राखायचा असतो. आता ह्या माणसाचा कसला मान, पण आई पाळते. तो दोन हातांवर बसलेला असला तरी ती माझ्याकडे बघून बोलते. मी नसले तर मांजराकडे बघून.

"मेरेवाई, तुझ्या मामाला सांग, उनाइसीची माफी माग म्हणावं."

"मेरे, ताईला सांग, कायद्यात माफी बसत नाही."

"सांग त्याला, मग आजपासून माझ्या चुलीवरचंही कायद्यात बसत नाही म्हणावं."

मग तो गुपचूप काकींकडे गेला. माफी मागितली की नाही माहीत नाही, पण त्यांच्या दारात नारळ ठेवून आला. आणि ते नारळही आमच्याच झाडाचे होते.

दोन वर्षं गेली. सरदारांच्या परवानगीने आदी वानी आणि आई एका ओहोटीला आत गेल्या, फक्त पायाने चाचपून बघायला. मी सुट्टीत घरी आले होते, किनाऱ्यावरून बघत होते. आई चार पावलं गेली आणि थांबली. मग अजून दोन. मग तिने आदी वानीचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, चिखलात. घरी आल्यावर तिने पाय धुतले, कसावा सोलायला घेतला, आणि मी पाहिलं की ती हसतेय. एकटीच. कितीतरी दिवसांनी.

"आहेत?" मी विचारलं.

"पाय ठेवायला जागा नाही," ती म्हणाली. "मोठे आहेत, आणि खाली पिल्लंही आहेत. अजून एक वर्ष. बाहेर बोलू नकोस. कुणाकडेच."

मामा दारात उभा होता. नारळ मागायला आला होता. आईने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंय त्याने. सांग त्याला, तोंड बंद ठेव म्हणावं. माझी शपथ आहे म्हणावं."

"ताईला सांग," मामा छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या पोटात गोष्ट गेली की ती मेलीच."

त्याच्या पोटात! त्याच्या पोटात आजवर फक्त जेवण टिकलंय.

पुढच्याच आठवड्यात नाइसेले बेटावर लग्न होतं. नाइसेलेची माणसं आमची तौवू. त्यांचा आणि आमचा मूळपुरुष देव एकच, त्यामुळे ते आमच्या गावात आले की हाताला लागेल ते उचलून नेऊ शकतात. डुक्कर, चटई, चुलीवरचं भांडं, काहीही. वर शिव्याही घालू शकतात. आपण फक्त हसायचं. जो चिडला त्याची पिढ्यान् पिढ्या टिंगल. त्यामुळे शहाणा माणूस तौवूसमोर स्वतःकडे काय चांगलं आहे ते कधीही, कधीही सांगत नाही. तौवूसमोर आपण भिकारी असतो. आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं, तौवू आले की ते आपलं खेळणं ढुंगणाखाली घेऊन बसतं.

गावातर्फे लग्नाला मामा गेला. मीही गेले, आईनेच पाठवलं, "त्याच्या शेजारी बस" म्हणून. होडीत तो मळमळून पांढरा पडला होता, पण यंगोनाची परात दिसल्याबरोबर रंग आला.

नाइसेलेचा जोपे म्हणजे डोंगराएवढा माणूस, आवाज तसाच. मामाला बघून ओरडला, "आला का रे तिवरातला खेकडा! अजून कुणी चिरडला नाही तुला?"

"तुझ्या बापाची होडी बुडाली की नाही ते बघायला आलो," मामा म्हणाला. सगळे हसले. इथवर ठीक होतं. असंच चालतं.

करवंटी फिरली, टाळ्या झाल्या, पुन्हा करवंटी फिरली. मग जोपे म्हणाला, "ऐकलं तुमच्याकडचे शिंपले संपले म्हणे. आता वुनिडोंगोवाले चिखलच उकडून खातात!"

नुसतं हसायचं होतं. हसून "हो रे बाबा, तेवढाच उरलाय" म्हणायचं. झालं! पण मामाचा चेहरा मी पाहिला. गाल फुगायला लागले. मी त्याचं जाकीट मागून ओढलं. हो, लग्नातही जाकीटच!

"संपले?" मामा म्हणाला. "माझ्या राखणीत? अरे, मुठीएवढे आहेत एकेक! पाय टाकला की कराकर वाजतात. पाय ठेवायला जागा नाही!"

आईचे शब्द. जसेच्या तसे.

"मामाला यंगोना चढलीय," मी मोठ्याने म्हटलं. "तिथे मच्छरांशिवाय काही नाही."

"पोर आहे, तिला काय कळतंय," मामा म्हणाला. "विचारा तिच्या आईला, स्वतः बघून आलीय! तिवरांच्या पुढे, झावळ्या बांधलेल्या खांबांच्या आत. नुसता खच!"

त्याने जागासुद्धा सांगितली. जागासुद्धा!

जोपे हसला नाही. तो एरवी कायम हसतो, पण तेव्हा नाही. त्याने मामाला अजून एक करवंटी भरून दिली आणि फार प्रेमाने म्हणाला, "पी दादा. मोठा माणूस आहेस तू."

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने विणत असलेली चटई गुंडाळून बाजूला ठेवली. मामा त्या दिवशी आमच्याकडे जेवायला फिरकला नाही. तेवढी अक्कल आहे त्याला, आपल्या ताटापुरती.

शनिवारी सकाळी नाइसेलेवाले आले. दोन होड्या, खच्चून माणसं, गाणी म्हणत. रिकाम्या गोण्या झेंड्यासारख्या हलवत. बायका सगळ्या चर्चच्या मागे साफसफाईला गेल्या होत्या, पुरुष कामावर. किनाऱ्यावर मी, चार पोरं, आणि राखणदार.

मामाने शिट्टी तोंडात घातली. गाल फुगवले. मला एक क्षण वाटलं, वाजवेल. देवा, मला खरंच वाटलं! कारण बंदी ही बंदी, ती तौवूलाही लागू असते, सरदारांचं नाव घेऊन कुणी ठामपणे सांगितलं असतं तर ते निदान थबकले असते, सरदारांकडे जाऊन विचारलं असतं. फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर जाकीट होतं!

"वाजव की!" जोपे होडीतूनच ओरडला. "लुगडी शोधायला वाजवतोस म्हणे, आम्हाला पण वाजव!"

होड्यांमधले सगळे खदाखदा हसले. आणि मामाने शिट्टी तोंडातून काढली, जाकिटाला पुसली, आणि हसला. हे हे हे करून. "या या," म्हणाला, "आपलंच गाव आहे."

"मामा!" मी किंचाळले. "अरे थांबव त्यांना!"

"तौवू आहेत," तो दात विचकत, माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी चिडलो असं दिसायला नको. जा, यंगोना आण पाहुण्यांना."

मी यंगोना आणली नाही. चर्चपर्यंत धावत गेले, चप्पल तुटली तशीच. रागाने रडत रडतच सगळं सांगितलं. आईने झाडू भिंतीला टेकवला. आदी वानीने पदर खोचावा तसा कमरेचा सुलू वर खोचला. सगळ्या निघाल्या, उनाइसी काकीसुद्धा, काठी टेकत.

तोवर खांबांच्या आत तीसेक माणसं वाकली होती. गोण्या फुगलेल्या. एक होडी भरून निघूनही गेली होती, तिचं इंजिन लांबून ऐकू येत होतं. मामा परातीशी बसून जोपेच्या म्हाताऱ्या काकांना करवंटी देत होता.

आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारी कुत्रं झोपलं होतं, त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुला शिट्टी दिली असती तर निदान भुंकला असतास."

मामा म्हणाला, "मेरे, ताईला सांग, परंपरा..."

"मी काहीही सांगणार नाही!" मी म्हटलं.

आई चिखलात उतरली. सरळ जोपेपाशी गेली. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडली असती तर संपलंच, चिडणारा हरतो. पण ती हसली. गोड हसली, अगदी लग्नघरातल्यासारखी.

"काय रे खादाडांनो, बेटावर दगडही उरले नाहीत का खायला?"

"दगड पाहुण्यांसाठी ठेवलेत, वहिनी!"

"छान भरल्यात गोण्या. कुणाच्या आहेत?"

"आमच्या!" जोपे म्हणाला.

"हो ना? तुमच्याच ना नक्की?"

"आमच्याच! बघताय काय, नेऊन दाखवू?"

"मग झालं तर," आई म्हणाली. "तुम्ही आमचे तौवू. आम्ही तुमचे. तुमचं जे दिसेल ते आमचं." आणि तिने वळून हाक मारली, "बायांनो, उचला!"

जोपेचं तोंड उघडंच राहिलं. त्याला नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणणं म्हणजे चिडणं! बायका तुटून पडल्या. एकेका गोणीला चौघी. नाइसेलेची पोरं ओढायला लागली, तर आदी वानीने, सरदारांच्या बायकोने, मूठभर चिखल घेऊन एकाच्या तोंडावर फासला. मग काय! चिखलच चिखल. त्यांनीही मारला, आम्हीही मारला, हसून हसून कुणाला उभं राहता येईना, आणि त्या सगळ्या दंग्यात गोण्या एकामागून एक किनाऱ्याला लागत होत्या. उनाइसी काकी त्यांच्या होडीत चढून बसल्या आणि जोपेच्या डब्यातला मासा खायला लागल्या. "मीठ कमी आहे रे," तिथूनच ओरडल्या. "बायकोला सांग!"

जोपे माझ्या शेजारीच चिखलात बसला होता, भुवयांपर्यंत माखलेला. तो हरला होता आणि त्याला ते कळलं होतं, पण त्याला मजाही येत होती, हे मानावं लागेल. "वहिनी," तो म्हणाला, "सगळं घेतलंत. पण तौवू रिकाम्या हाताने परत जात नाही. अपशकुन असतो. काहीतरी द्या."

आईने इकडेतिकडे पाहिलं. मग किनाऱ्याकडे बोट केलं.

"तो घेऊन जा."

मग जी हसली ना माणसं! जोपे उठला, दोन पोरं बरोबर घेतली, आणि त्यांनी मामाला परातीपासून तसाच उचलला, जाकिटासकट, पाय हवेत. आणि मामा, माझा मामा, तोही हसत होता! हात हलवत होता आम्हाला! त्याला वाटलं त्याचा सत्कार चाललाय. होडी सुटली तेव्हा त्याचा आवाज आला, "मेरे, ताईला सांग, काळजी करू नको म्हणावं!"

मग ओकल्याचा आवाज आला. ते एक बरं वाटलं.

भरती चढायला लागली होती. आम्ही गोण्या उघडल्या. मुठीएवढे नव्हते, फेकाफेकी त्याची, पण मोठे होते, जड, जिवंत, थुंकत होते एकेक. मी आत ओतायला गोणी उचलली तर आई म्हणाली, "तिथे नको."

"मग कुठे?"

"ही जागा आता नाइसेलेला माहीत आहे. म्हणजे महिन्याभरात सगळ्या किनाऱ्याला. आणि आपला दवंडीवाला आत्ताच तिकडे गेलाय."

खाडीच्या पलीकडे, दाट तिवरांच्या मागे तसाच चिखल आहे. पुरुष तिकडे जात नाहीत, डास आहेत आणि पाय फार रुततो. आम्ही टब घेतले, घमेली घेतली, पाण्यावरून ढकलत ढकलत नेले. चुकून हाताला लागलेली पिल्लंही नेली, आणि खांबांच्या आत जे उरलं होतं तेही मामा परत यायच्या आत हलवलं. तिकडे एकेक शिंपला हाताने रोवला. रोपं लावतात तसा. कंबर गेली माझी. फुटलेले, मेलेले बाजूला पडले होते, उनाइसी काकींनी विचारलं, "हे तरी शिजवूया का गं? वाया जातील."

"बंदी आहे," आदी वानी म्हणाली. काकींनी मान हलवली आणि स्वतःच ते चिखलात पुरले. वर कुणी शिट्टी घेऊन उभं नव्हतं.

निघताना आदी वानी एवढंच म्हणाली, "पुरुषांना सांगायची गरज नाही. सरदारांना मी बघते."

मामा चार दिवसांनी आला. गळ्यात हार, काखेत भेट दिलेली चटई, वजन वाढलेलं. गावच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला की परिस्थिती हाताबाहेर जात होती, म्हणून तो स्वतः पुढे होऊन त्यांच्याबरोबर बोलणी करायला गेला. बोलणी! "मी माझा जीव ओलीस ठेवला," म्हणाला. आणि सगळे पुरुष, जे तिथे नव्हतेच, "विनाका, विनाका" अशी शाबासकी देत टाळ्या वाजवायला लागले. त्याला पहिली करवंटी दिली. पुतण्यानेही टाळ्या वाजवल्या, बादलीवाल्याने! मी दाराशी बायकांमध्ये बसले होते, उठून ओरडणारच होते, तर आईने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

सरदारांनी बंदी अजून दोन वर्षं वाढवली. मग विचारलं, राखण कोण करणार?

मामाने घसा खाकरला. आणि मागून, दाराच्या चौकटीकडे बघत, आई म्हणाली, "तोच राहू दे. त्या खांबांकडे त्याच्यासारखं दुसरं कोण बघणार?"

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. उनाइसी काकींना खोकल्याची उबळ आली. मामाचे डोळे भरून आले. खरंच भरून आले! त्याने मला इशाऱ्याने सांगितलं, ताईला सांग, आभारी आहे.

घरी जाताना मी नुसती धुमसत होते. "आई, तो हिरो झाला! त्याने सगळं घालवलं आणि तोच हिरो!"

"होऊ दे."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की," आई म्हणाली. "पण तो जिथे बोट दाखवेल तिथे लोक खणणार. मग बोट तिकडेच असलेलं बरं. त्याला हलवलं आणि तो रिकामा फिरायला लागला, तर कुठे कुठे जाईल सांग."

ह्या सुट्टीत घरी गेले तर मामाने किनाऱ्यावर ताडपत्रीचं छप्पर घातलंय, खाली खुर्ची. खांबांना ताज्या झावळ्या. येणाऱ्याजाणाऱ्या होड्यांना हाक मारून सांगतो की इथे हात लावायचा नाही, इथे खच आहे. मध्ये पलीकडच्या किनाऱ्यावरची काही माणसं चोरून येऊन खणून गेली, काही मिळालं नाही, एकाची चप्पल मात्र रुतून राहिली. मामाने ती चप्पल खांबाला टांगलीय आणि म्हणतो, माझ्या धाकाने पळाले.

त्याने मला सावलीत बसवलं, स्वतःच्या खुर्चीवर. खाडीच्या पलीकडून बायका परत येत होत्या, पाय मांड्यांपर्यंत काळे. बंदी आहे, त्यामुळे हात रिकामे, नुसत्या चाचपून आल्या होत्या. आई सगळ्यात पुढे होती आणि काहीतरी सांगत होती, आणि बाकीच्या हसत होत्या.

"कुठे जातात गं ह्या रोज?" मामाने विचारलं.

"लाकडं आणायला."

"लाकडं दिसत नाहीत."

"मिळाली नसतील."

त्याने त्यावर विचार केला. मला वाटलं आता कळणार ह्याला, आयुष्यात पहिल्यांदा ह्याला काहीतरी कळणार. पण त्याने हात मागे बांधले आणि त्या रिकाम्या चिखलाकडे वळला.

"किती असतील गं आता खाली, मेरे? अंदाजे?"

"मोजता येणार नाहीत, मामा," मी म्हटलं.

"मला पण तेच वाटतं," तो म्हणाला, आणि समोरून एक अनोळखी होडी चालली होती, तिला हाक मारायला पुढे गेला.